माजघरातला राउटर

फायबरची वायर जिथे घरात शिरते तिथेच राउटर टांगायचा, हा कनेक्शन जोडायला येणाऱ्या मुलांचा अलिखित नियम आहे. खांबावरून निघालेली काळी चपटी वायर पोफळींच्या मधून येते, पडवीच्या वाशाला एक वेढा घेते आणि मीटरच्या बोर्डाशेजारी संपते. तिथे प्लग तयार असतो, भोक पाडावं लागत नाही आणि मुलांना अर्ध्या तासात पुढच्या वाडीत पोचायचं असतं. त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीतून आरपार जाणारं लांब बिट दरवेळी त्यांच्या पिशवीत असतंच असं नाही. पण मग वर्षभर घरातली माणसं व्हिडिओ कॉल आला की पडवीत येऊन बसतात, आणि ‘नेट स्लो आहे’ म्हणून बोलणी कंपनीला बसतात.

नेट बहुतेक वेळा ठीक असतं, भिंत जाड असते. नव्या बांधकामात चिऱ्याची भिंत साधारण नऊ इंचांची. जुन्या घरात, मातीत बसवलेल्या चिऱ्यांची, ती दीड फुटापर्यंत जाते. जांभ्यात लोह भरपूर म्हणून लहरी अडतात, असं पुष्कळ जण सांगतात. पण जांभ्यातलं लोह म्हणजे गंजलेलं लोह, ऑक्साइड. पत्र्यासारखा अखंड धातू नव्हे. खरी भानगड त्याच्या भोकांत आहे. जांभा स्पंजासारखा पाणी पितो, आणि वायफायच्या लहरी पाण्यात मुरतात. मे महिन्यात मागच्या पडवीत कसाबसा पोचणारा सिग्नल जुलैत नाहीसा होतो तो यामुळे. आकाशातून पडणारा पाऊस घरातल्या वायफायचं काही वाकडं करत नाही. चार महिने भिंतीत मुरलेला पाऊस करतो. बाहेरून गिलावा आणि रंग असलेल्या भिंतीत हा फरक कमी जाणवतो, नुसते सांधे (दर्जा) भरलेल्या उघड्या चिऱ्यात जास्त.

म्हणून राउटर विकत घेताना त्याच्या डोक्यावर किती अँटेना आहेत हे मोजण्याआधी तो लहरींना कुठून बाहेर सोडणार आहे ते पाहावं. जुन्या कोकणी घराची यात एक मोठी सोय आहे, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. ओटीचं दार, माजघराचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि मागच्या पडवीचं दार पुष्कळदा एका रेघेत असतं. वारा खेळावा म्हणून ठेवलेली ही रेघ वायफायलाही चालते, कारण लाकडी दार, उघडं किंवा बंद, चिऱ्याच्या मानाने लहरींना जवळपास नसल्यासारखंच. राउटर माजघरात, या रेघेवर किंवा तिच्या हातभर बाजूला, दाराच्या वरच्या चौकटीइतक्या उंचीवर लावला की पुढची ओटी आणि मागची पडवी एकाच वेळी सांभाळली जाते.

भिंतीतून जाणंच भाग असेल तर ती सरळ ओलांडली जावी, तिरकी नको. नऊ इंचांची भिंत पंचेचाळीस अंशांत कापली की लहरीच्या वाटेला ती जवळजवळ तेरा इंचांची होते. त्याहून तिरकं, साठ अंशांत गेलं, तर पुरी अठरा इंचांची. खोलीच्या कोपऱ्यात कोनाड्यात ठेवलेला राउटर शेजारच्या खोल्यांकडे असाच तिरका बघत असतो. कोनाडा तर दुप्पट वाईट, कारण तिथे तीन बाजूंनी चिरा आणि समोर देवाच्या तसबिरीची काच.

वर लाकडाची तक्तपोशी आणि माळा असेल तर नशीब चांगलं. लाकूड लहरींना जाऊ देतं, त्यामुळे माजघराच्या तुळईला लावलेला राउटर वरचा माळाही धरतो. स्लॅब असेल तर ती आशा सोडावी. त्यातली सळ्यांची जाळी सिग्नलचा बराच भाग खाते. आणि गच्चीवर पावसासाठी पत्र्याची शेड घातली असेल तर शेडमध्ये बसून खालचा राउटर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ताडपत्रीचं मात्र काही अडत नाही, मागच्या पडवीला पागोळ्यांसाठी ती कितीही बांधा.

अँटेनाबद्दल एवढंच की काडीसारखी अँटेना आपल्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच सोडत नाही. लहरी तिच्या कमरेभोवती, जात्याच्या तळीसारख्या आडव्या पसरतात. सगळ्या अँटेना उभ्या ठेवल्या तर तो मजला चांगला मिळतो. माळ्यावर कोणी अभ्यासाला बसत असेल तर एक आडवी करावी. चारही चार दिशांना वाकवून कोळ्यासारखी ठेवायची फॅशन दिसायला छान, कामाला शून्य.

जागा बरोबर पडली का ते मोजता येतं. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर जातीची फुकट अ‍ॅप्स आहेत, ती सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दाखवतात. आकडा नेहमी उणे असतो, आणि शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. उणे पन्नासच्या आसपास म्हणजे राउटर समोरच आहे. उणे सदुसष्टपर्यंत व्हिडिओ कॉल न अडखळता चालतो. उणे पंचाहत्तरला मेसेज जातात, चेहरे गोठतात. उणे ऐंशीच्या खाली फोन ‘कनेक्टेड’ म्हणत राहतो आणि काहीच करत नाही. दर तीन डीबीएमला ताकद निम्मी होते आणि दहाला दहावा हिस्सा उरतो, त्यामुळे सदुसष्ट आणि पंचाहत्तर हे आकडे दिसतात शेजारी, पण त्यांच्यात सहापट अंतर आहे. राउटर पक्का ठोकण्याआधी तो लांब वायरीवर हातात धरून दोन-तीन जागी ठेवून पाहावा आणि दुसऱ्याने फोन घेऊन घरभर फिरावं. हे मोजमाप पावसाळ्यात करा. मे महिन्यात केलंत तर हाती आलेल्या आकड्यातून निदान पाच-सात वजा धरा.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण अर्ध्या वितीची, साडेबारा सेंटिमीटर. दुसऱ्याची तीन बोटं, साडेपाच-सहा सेंटिमीटर. ५ ची पट्टी वेगवान, पण चिऱ्यासमोर लवकर हरते. बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि निवड फोनवर सोडतात. सपाट फ्लॅटमध्ये ते चालून जातं. जाड भिंतींच्या घरात फोन माजघरात ५ ला चिकटतो आणि मागच्या पडवीत जाईपर्यंत तिलाच धरून तडफडत बसतो. म्हणून इथे दोन वेगळी नावं द्यावीत. टीव्ही आणि लॅपटॉप, जे राउटरच्या खोलीतच असतात, ते ५ वर. कॅमेरे, पंपाचा स्मार्ट स्विच, पडवीतले फोन २.४ वर. स्वस्त कॅमेऱ्यांना आणि स्विचना ५ ची पट्टी कळतही नाही.

२.४ मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्यावं, कारण एवढी तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. आंबा-काजूच्या बागेत एकटं असलेल्या घराला चॅनलची फिकीर करायचं कारणच नाही. रत्नागिरी किंवा चिपळूणच्या इमारतीत, जिथे अ‍ॅपवर वीस शेजारी दिसतात, तिथे ती करावी लागते.

एका राउटरने भागत नाही अशी घरं कोकणात पुष्कळ आहेत. लांबट चौसोपी घर, मागे वेगळं न्हाणीघर, खळ्यापलीकडे गोठा, त्याच्या बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. अशा वेळी बाजारातून रिपीटर आणला जातो, प्लगमध्ये खोचायचा छोटा डबा. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. जो सिग्नल भिंतीने आधीच मारलाय त्याचाच तो पुनरुच्चार करतो, आणि बहुतेक रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी लॅनची वायर ओढावी आणि पलीकडे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट (एपी), म्हणजे नुसतं वायफाय पसरवणारा डबा, म्हणून लावावा. घरातला जुना, कपाटात पडलेला राउटरही चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘एपी मोड’ असेल तर एक खूण करून काम झालं. नसेल तर तीन गोष्टी करायच्या: त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल असं धरून), त्याचा डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करायचा, आणि मुख्य राउटरकडून आलेली वायर निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये न घालता साध्या लॅन पोर्टमध्ये घालायची. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोन पोस्टमन होतात, आणि कोणत्या फोनला नेट मिळेल ते रोज सकाळी नव्याने ठरतं.

वायर कॅट ६ घ्यावी, शुद्ध तांब्याची. स्वस्तातल्या गुंडाळीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवताना तुटते आणि खाऱ्या हवेत टोकं काळी पडतात. सुरीने तार खरवडली आणि आतून पांढरी चमकली तर ती परत करा. घराबाहेरून जाणार असेल तर काळ्या, उन्हात टिकणाऱ्या आवरणाची घ्या. राखाडी आवरण दोन उन्हाळ्यांत फुटतं. क्लिप मारताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चूक बहुतेकदा मधल्या चारांत होते, कारण हिरव्याची जोडी फोडून निळी जोडी तिच्या पोटात बसवायची असते, आणि हाताला ते पटत नाही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नाही तरी नेट चालतं, फक्त हजारऐवजी शंभर एमबीपीएसवर येतं. हे कोणाच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं दोनशेच्या प्लॅनचे पैसे भरून शंभर वापरणारी घरं अशीच तयार होतात.

पण ही तांब्याची वायर एका छपराखालीच. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, खळ्यावरून किंवा गडग्याच्या कडेने, ती ओढू नये. त्याचं कारण वीज.

मेच्या शेवटी वळीव येतो तेव्हा, आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरच्या संध्याकाळी, राउटर मरतात. वीज राउटरवर पडत नाही; थेट घरावर पडली तर राउटर ही शेवटची काळजी असेल. ती दूर कुठे माडावर पडते, आणि जवळपासच्या प्रत्येक लांब तांब्याच्या तारेत क्षणभर दाब उठवते. गोठ्यापर्यंत गेलेली तीस मीटरची लॅन वायर हीच अशी तार. दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात, आणि गंमत म्हणजे राउटरचे दिवे त्यानंतरही लागतात, म्हणून माणूस आठवडाभर पासवर्ड बदलत बसतो. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनमधले दुभाषे डबे, बसवावेत. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

मग कंपनीच्या फायबरमुळे घर सुरक्षित झालं का? काच सुरक्षित आहे, पण त्या चपट्या वायरीत काचेला आधार म्हणून पुष्कळदा स्टीलच्या बारीक तारा असतात, आणि खांबापासून ताण घ्यायला एक वेगळी जाड तारही. ही स्टीलची तार घराबाहेर, वाशावरच्या हुकाला संपायला हवी. वायर घरात शिरण्याआधी तिचं स्टील छाटून मागे ठेवलंय का, ते जोडणी होताना उभं राहून पाहावं. मुलं ते करतात. घाईत असली की राहतं.

तरीही बहुतेक राउटर मरतात ते त्यांच्या ॲडॅप्टरमधून, म्हणजे घरातल्या लाइटच्या वाटेने. आणि त्याला वीज चमकायचीही गरज नसते. वादळात डीपीपासून येणारी न्यूट्रल तार तुटली की एका फेजवरच्या घरांत दाब १०० वर उतरतो आणि दुसऱ्या फेजवर तो ३५०-४०० पर्यंत चढतो. ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो. बल्ब अचानक पांढरेफटक झाले, पंखा आवाज करत पळायला लागला, तर विचार न करता मेन स्विच पाडा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं तेव्हा खांब आणि पोफळी एकत्रच आडव्या झाल्या होत्या. अशा दिवसांनंतर लाइट पहिल्यांदा येते तेव्हा हा धोका सर्वात मोठा. लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून, एक बल्ब लावून बघून, मग राउटर जोडावा.

स्पाइक गार्ड म्हणून जे विकलं जातं त्यातलं निम्मं नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड असतं, लाल दिव्याचं. खऱ्यामध्ये एमओव्ही नावाच्या बटणासारख्या चकत्या असतात, त्या जास्तीचा दाब अर्थिंगकडे वळवतात. अर्थिंगच नसेल तर वळवणार कुठे? आणि कोकणात अर्थिंग हा अवघड प्रश्न आहे. सड्यावर, कातळावर बांधलेल्या घरांत खड्डा तीन फुटांवर दगडाला लागतो, त्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी एप्रिलपर्यंत तो कोरडा ठणठणीत होतो, म्हणजे वळवाच्या विजा सुरू व्हायच्या ऐन वेळी. अर्थिंगचा खड्डा न्हाणीचं पाणी केळीत जातं त्या पन्हळीजवळ काढावा, बारमाही ओल तिथेच असते. वायरमनने मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवले म्हणून समाधान मानू नये. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या जोडणीलाही तो चांगलं म्हणतो. अर्थ टेस्टरने ओहम मोजून घ्यावेत; पाचच्या आत आले तर छान.

आणि सगळ्यात पक्का उपाय फुकटचा आहे: ढग गडगडू लागले की प्लग काढणे. बटण बंद करून भागत नाही. बटण जोडणी तोडतं ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आणि पुष्कळ जुन्या बोर्डांत फेजऐवजी न्यूट्रलवर बसलेलं असतं.

प्लग काढला तर नेट जाईल ना? त्यासाठी मिनी यूपीएस. हा तळहाताएवढा डबा ॲडॅप्टर आणि राउटरच्या मध्ये बसतो, आत लिथियमच्या बॅटऱ्या. घरात फायबरचा मोडेम (काचेतून आलेला प्रकाश वाचणारा डबा) आणि राउटर मिळून सात-आठ वॅट खातात. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलं असलं तरी ते ३.७ व्होल्टला मोजलेलं असतं, म्हणजे ३७ वॅट-तास. बारा व्होल्टला चढवताना थोडं वाया जातं, उरतं त्यावर चार तास. वळवाची एक संध्याकाळ निघते. तो घेताना तीन आकडे जुळवा. व्होल्ट: कोणी १२ चा, कोणी ९ चा, कोणी ५ चा असतो, आणि ९ च्या राउटरला १२ दिले तर धूर निघतो. अँपिअर: दोन उपकरणं एका पिनेवर चालवणार असाल तर दोघांची बेरीज. आणि पिनेचं भोक: ५.५ मिलिमीटरच्या पिना २.१ आणि २.५ अशा दोन भोकांच्या येतात, बाहेरून अगदी एकसारख्या. मोठ्या भोकाची पिन बारीक काडीवर बसते, पण ढिली; मग पंखा लावला तरी राउटर रीस्टार्ट होतो.

फायबरच्या मोडेमवर एक लाल दिवा असतो, एलओएस. तो लुकलुकत असेल तर प्रकाश येतच नाही, वायर कुठेतरी तुटली किंवा मुडपली आहे. राउटर चालू-बंद करून काही होणार नाही. कोकणात तोडणाऱ्यांची यादी लांब: वानर, खार, उंदीर, पडलेली झावळी, आणि माडावरून नारळ काढताना वायर बाजूला सारणारा पाडेली. पॉन नावाचा हिरवा दिवा लुकलुकतोय आणि एलओएस विझलेला आहे, तर प्रकाश येतोय पण जोडणी ठरत नाहीये. पुष्कळदा प्रकाश अशक्त असतो. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर (ते कसं उघडायचं ते पुढे येतं) ऑप्टिकल पॉवर, म्हणजे त्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये दिसते. ती उणे ८ आणि उणे २७ यांच्या मध्ये हवी. उणे २५ च्या खाली असेल तर पावसात त्रास देणार असं समजून कोरड्या दिवसांतच तक्रार करा. घरात ही वायर वाटीच्या काठापेक्षा लहान वळणात वाकवू नये, खिळ्याला गुंडाळू नये. आणि तिचं उघडं टोक डोळ्यासमोर धरून ‘लाइट येतेय का’ ते पाहू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला लागतो.

खाऱ्या हवेचं फार सांगत नाही. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत घर असेल तर रिकाम्या पोर्टांवर हिरवट गंज चढतो. प्लास्टिकचे बूच मिळतात, ते लावावेत. मुंग्यांना ॲडॅप्टरची ऊब आवडते. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवलं की त्यांचा जाण्या-येण्याचा रस्ता दिसतो तरी. राउटरवर प्लास्टिकची पिशवी घालू नका, आतच घाम धरतो.

आता सेटिंग. मोबाईल राउटरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की पान उघडतं. नक्की पत्ता खालच्या स्टिकरवर असतो. स्टिकरचा एक फोटो काढून ठेवा, ओलाव्याने तो दोन पावसाळ्यांत पुसला जातो. पीपीपीओई अशी, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून चालू होणारी, जोडणी असेल तर तिचा युजरनेम आणि पासवर्डही त्याच वेळी लिहून घ्या, नाहीतर एकदा रीसेट झाला की कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट बंद.

इथे दोन वेगळे पासवर्ड असतात आणि घोळ बहुतेकदा त्यांचाच होतो. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगायचा. दुसरा या पानाचा, ॲडमिनचा, जो कोणालाच सांगायचा नाही. दुसरा बहुतेकांनी आयुष्यात बदललेला नसतो. २०१६ साली मिराय नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डांच्या साठेक जोड्या आळीपाळीने टाकून पाहत. त्यात कसलीही चलाखी नव्हती. म्हणून पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड. त्यापाठोपाठ रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून हे पान उघडायची सोय) बंद, यूपीएनपी (यंत्रांना बाहेरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद, आणि फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर ते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो कायमचा निकामी, तेव्हा हे मिनी यूपीएस लावून करा.

सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए२-एईएस किंवा घरातले फोन नवे असतील तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र, हे निवडा. त्याच यादीतलं जुनं कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ सालीच फुटलंय. एखादं जुनं यंत्र त्याशिवाय चालत नसेल तर ते यंत्र बदला. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो आधी चार आणि मग तीन असा तपासतो, शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. दहा कोटी शक्यता अशा अकरा हजारांवर येतात. हे २०११ मध्ये उघड झालं, आणि तरी ते बटण राउटरवर अजून येतंच.

वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर ठेवू नका, आणि कोकणात तर निम्म्या घरांत तोच असतो. जोडणीच्या वेळी होणारी देवाणघेवाण कोणी हवेतून टिपून नेली तर घरी बसून शक्यता तपासता येतात, आणि दहा आकडी भारतीय नंबर एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तासांचं काम. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, रोमन अक्षरांत: फणस, कंदील, मंगळवार, टोपली. आठ ते त्रेसष्ट अक्षरं चालतात. लांबी हीच ताकद, चिन्हांची नक्षी नव्हे. वायफायच्या नावात घराण्याचं नाव किंवा घर क्रमांक घालू नये. रस्त्यावर उभं राहून कोणालाही ते वाचता येतं.

पण खरी कसोटी गणपतीत लागते. दिवसभर दार उघडं असलेल्या घरात पासवर्ड ही गोष्टच मुळात परकी. चाकरमानी उतरतात, पिशव्या ओटीवर टेकतात, पाय धुवायच्या आधी आत हाक जाते, “काकू, वायफायचा पासवर्ड काय गो?” काकू तो कालनिर्णयावर लिहून ठेवते. नाही म्हणणं शक्य नाही, आणि म्हणूही नये. त्यासाठीच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. पाहुण्यांना वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, इंटरनेट मिळतं पण घरातले कॅमेरे, लॅपटॉप आणि राउटरचं पान त्यांना दिसत नाही. विसर्जनानंतर फक्त तो पासवर्ड बदलला की झालं. क्यूआर कोड छापून ओटीच्या खांबाला लावलात तर काकूचं बोलणंही वाचेल. एक सावधगिरी: दुसरा राउटर एपी मोडमध्ये असेल तर त्याच्यावरचं गेस्ट नेटवर्क पुष्कळदा नावालाच वेगळं असतं, आतून सगळं एक. त्याला जोडलेल्या फोनवर मुख्य राउटरचं पान उघडतंय का, ते टाकून पाहा.

त्या आठ-दहा दिवसांत आणखी एक प्रकार होतो. पंचवीस माणसं, चाळीस यंत्रं, आणि अचानक नवीन फोनला ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ म्हणत गोल फिरत राहतं. डीएचसीपीचा साठा संपलेला असतो. काही राउटरांत तो तीस-बत्तीस पत्त्यांचाच ठेवलेला असतो आणि गेलेल्या माणसाचा पत्ताही चोवीस तास राखून ठेवतात. साठा १०० ते २०० पत्त्यांचा करा आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, दोन तासांवर आणा.

होमस्टे चालवणाऱ्यांनी हे गेस्ट नेटवर्क सोय म्हणून बघू नये, गरज म्हणून बघावं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस प्रथम त्या घरात पोचले. कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारात चौकशी येते. खोल्यांचा पासवर्ड दर आठवड्याला बदला, आणि कोण कधी राहिलं याची वही ठेवताच, ती नीट ठेवा.

गणपती झाले, माणसं गेली, घर बंद झालं, म्हणजे राउटरलाही झाकून ठेवायची वेळ. मुंबईहून कॅमेरे बघायचे नसतील तर नेट चालू ठेवण्यात अर्थ नाही. मिनी यूपीएस निम्मा चार्ज असताना बंद करून काढावा, भरलेला किंवा रिकामा ठेवला की बॅटरी लवकर खचते. ॲडॅप्टर भिंतीतून सुटा. राउटर आणि मोडेम कोरड्या फडक्याने पुसून, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या चार पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि फायबरचं हिरवं टोक मोडेममधून काढलंत की त्याच्यावर त्याचं इवलंसं प्लास्टिकचं टोपण लावायचं, जे जोडणीच्या दिवशी केरात गेलेलं असतं. ते नसेल तर कनेक्शनवाल्या मुलांकडे मागा, त्यांच्या पिशवीच्या तळाशी मूठभर पडलेली असतात.